साखळीच्या घरातलं जुनं फर्निचर नेमकं कोणत्या काळातलं?

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. गोव्यातल्या साखळी गावच्या वडिलोपार्जित घराची वाटणी चालली आहे आणि तुमच्या वाट्याला चार वस्तू येताहेत. वसरीवरच्या (ओसरीवरच्या) दोन खुर्च्या, ज्यांचे पुढचे पाय बाकदार आहेत आणि खाली पंजाने गोळा धरलेला आहे; लांब हातांची वेताची आरामखुर्ची; माजघरातला लोखंडी पट्ट्यांचा मोठा पेटारा; आणि झाकणावर काळ्या-पांढऱ्या बारीक चांदण्यांचं जडावकाम असलेली लिहिण्याची पेटी. एका खरेदीदाराने चारही वस्तूंचा मिळून एकच भाव सांगितला आणि ‘तीनशे वर्षांपूर्वीचं पोर्तुगीज सामान’ असं म्हणून तो गेला. शैली बघून काळ कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी फोंड्याला जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करतो. असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेकदा त्यामागचा खरा प्रश्न वेगळा असतो: समोरचा सांगतोय त्यावर विश्वास ठेवायचा का, आणि वस्तू हातची जाऊ द्यायची का. त्याचं उत्तर शैलींच्या तक्त्यात सापडत नाही. शैली एवढंच सांगते की ही वस्तू अमुक काळाच्या आधीची असू शकत नाही. त्यानंतर ती कधी घडली, ते सांधे, करवतीच्या खुणा, खिळे, स्क्रू, कुलूप आणि वेत सांगतात. पैठणीवर मोर आजही विणतात, म्हणून प्रत्येक मोराची पैठणी पेशवाईतली होत नाही.

गोव्यात हे जास्तच लागू पडतं. इथला मेस्त, म्हणजे सुतार, नमुना पाहून काम करणारा. लग्नात माहेरच्या वसरीवरची खुर्ची दाखवायची आणि ‘अशाच सहा कर’ म्हणायचं, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्यामुळे लिस्बनमध्ये एखादी शैली मागे पडल्यावरही इथे ती शंभर-दीडशे वर्षं घडत राहिली, आणि मागणीप्रमाणे आजही घडते. त्यात फसवणूक काही नाही, मेस्तने गिऱ्हाइकाला हवं ते करून दिलं. फसवणूक सुरू होते ती त्या खुर्चीला दुसऱ्याच शतकाचं वय चिकटवल्यावर.

आता त्या ‘तीनशे वर्षं’ आणि ‘पोर्तुगीज’ या दोन शब्दांकडे बघू. पोर्तुगीज १५१० साली आले ते तिसवाडीत, मग बार्देश आणि सासष्टीत पसरले. साखळीचा डिचोली भाग त्यांच्याकडे आला तो १७८०च्या दशकात. त्याआधी तिथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी साखळीच्या एखाद्या हिंदू घरात पोर्तुगीज पद्धतीच्या पंज्याच्या खुर्च्या मांडलेल्या असणं जवळपास अशक्य. वस्तू नंतर कुठून तरी आणलेली असू शकते, हे खरं. तशी शक्यता असेल तर ती कुठून आली हे शोधायला हवं, नुसतं गृहीत धरून चालत नाही.

माझ्या उत्तराला दोन मर्यादा आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही पाठवलेले फोटो सगळे समोरून घेतलेले आहेत. आणि जुन्या सामानाची दुरुस्ती झालेली असतेच. दमट हवा, वाळवी आणि पावसात ओली होणारी वसरी यांतून शंभर वर्षं काढलेल्या खुर्चीचा एखादा पाय, एखादा आडवा दांडा बदललेला असणारच. म्हणून एकाच खुणेवरून निकाल देता येत नाही. तीन-चार खुणा एकाच काळाकडे बोट दाखवायला लागल्या, की बोलायचं.

शैलींचा क्रम माहीत असणं तरी गरजेचं आहे, म्हणून तो सांगतो.

सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्यात, आणि गुजरातसारख्या इतर ठिकाणीही, पोर्तुगीजांसाठी जे सामान झालं ते जगभरच्या संग्रहालयांत आहे. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे कोंतादोर: अनेक लहान खणांचं कपाट आणि त्याखाली वेगळा चौथरा. सागवान किंवा शिसवीचं अंग, त्यात आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी, आणि चौथऱ्याच्या पायांच्या जागी नागिणी किंवा मत्स्यकन्या कोरलेल्या. घाट युरोपचा, पण ज्या हातांनी तो घडवला त्यांची देवळाच्या खांबांवरची सवय प्रत्येक आकृतीत दिसते. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि ते पाहायला मिळालं की मी तासभर हलत नाही. मात्र घराघरांत ते राहिलेलं नाही. बरंचसं त्याच काळात जहाजांनी युरोपला गेलं, उरलेलं चर्च आणि मठांत होतं. १८३५ साली गोव्यातले मठ बंद झाले तेव्हा त्यांतलं सामान पांगलं. म्हणून जुन्या गोव्याच्या आसपासच्या एखाद्या घरात मठातलं मेज किंवा खणांचं मोठं कपाट निघालं तर मला नवल वाटत नाही. साखळीत निघालं तर मी आधी कागद मागेन.

सतराव्या शतकाच्या खुर्च्या ओळखायला सोप्या: सरळ ताठ पाठ, पाठीला आणि बैठकीला उठावाची नक्षी असलेलं चामडं, त्यावर मोठ्या पितळी फुलांचे खिळे, आणि खरादावर काढलेले मणी-मणी पाय. चामडं आपल्या हवेत टिकत नाही, त्यामुळे पुष्कळदा फक्त लाकडी सांगाडा उरतो आणि त्यावर नंतर वेत विणलेला असतो. सांगाड्याच्या कडेला खिळ्यांच्या भोकांची रांग दिसली तर समजायचं की इथे कधीकाळी चामडं किंवा कापड होतं.

अठराव्या शतकात पोर्तुगालचा राजा दॉम जुआंव पाचवा याच्या काळात, म्हणजे १७०६ ते १७५० या वर्षांत, बाकदार पाय आले. १७०३च्या मेथुएन तहानंतर पोर्तुगाल आणि इंग्लंडचा व्यापार घट्ट झाला होता, त्यामुळे इंग्लिश खुर्चीची छाप पोर्तुगीज खुर्चीवर पडली. गुडघ्यावर शिंपला, खाली पंजात गोळा, पाठीच्या मधोमध कोरून आरपार केलेली फळी. दॉम जुझेच्या काळात, १७५० ते १७७७, तीच खुर्ची जास्त नाजूक आणि नागमोडी झाली. मग राणी दोना मारिया पहिलीच्या काळात वारं उलट फिरलं: पाय सरळ आणि खाली निमुळते, पाठ अंडाकृती किंवा ढालीसारखी, कोरीवकाम कमी. तुमच्या खुर्च्यांचा घाट यांतला पहिला आहे. म्हणजे तो घाट लिस्बनला रुजून, जहाजाने इथे येऊन, इथल्या मेस्तच्या हाती पडेपर्यंत अठरावं शतक बरंच पुढे गेलेलं असणार. नुसत्या शैलीवरूनही ‘तीनशे वर्षं’ टिकत नाहीत ती अशी.

एकोणिसाव्या शतकात सगळं एकत्र झालं. १७९९ ते १८१३ या काळात इंग्रजांच्या फौजा गोव्यात होत्या, आणि त्या सुमाराला बाहेरच्या बाजूला तलवारीसारखे वाकलेले पाय आणि रुंद वरची पट्टी असलेल्या खुर्च्या इथे रुळू लागल्या. पुढे फुग्यासारख्या गोल पाठी, द्राक्षांचे घोस, संगमरवरी माथ्याची मेजं आली. १८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेटने वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची १४ नंबरची खुर्ची काढली आणि ती जगभर गेली. गोव्यातल्या जुन्या घरांतही तिची भावंडं भेटतात. तशी खुर्ची असेल तर बैठकीच्या कडेच्या आतल्या अंगाला छाप किंवा कागदी चिठ्ठी शोधा. १८७८ला ब्रिटिशांशी तह झाला, १८८०च्या दशकात मुरगावहून आगगाडी सुरू झाली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातला माल गोव्यात येणं सोपं झालं. त्यात मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेले गोंयकार. म्हणून १८८० नंतरचं सामान गोव्याचं की मुंबईचं, हे नुसतं बघून ठरवणं अवघड असतं.

हिंदू घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी नेहमी लक्षात ठेवतो. आपल्या घरांत बसणं-उठणं पाट, चौरंग, चटई, झोपाळा आणि सोप्यावरची बैठक यांवर होतं. खुर्च्या आल्या त्या बाहेरच्या, विशेषतः सरकारी माणसांना बसवायला. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. त्यानंतर सरकार-दरबारी वावर वाढला आणि वसरीवर खुर्च्यांचे संच मांडले जाऊ लागले. माझ्या हाताखालून गेलेल्या हिंदू घरांतल्या बैठकीच्या खुर्च्यांपैकी मोठा भाग विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातला निघाला आहे. पेडण्याचे देशप्रभू किंवा साखळीचे राणे यांच्यासारख्या घराण्यांचे वाडे अर्थात वेगळे. तिथे दरबारी रिवाज जुना.

इथवर शैली. आता वस्तू उलटी करा.

खुर्ची चटईवर आडवी ठेवून बैठकीच्या खालच्या बाजूला मोबाईलचा दिवा तिरपा धरा. समोरून मारलेला उजेड खुणा पुसून टाकतो, तिरपा उजेड त्या उठवतो. आतल्या बाजूच्या ज्या फळ्यांना पॉलिश लागलेलं नाही त्या बघा. दोन माणसांनी ओढायच्या करवतीने कापलेल्या लाकडावर सरळ, पण कमी-जास्त अंतराच्या आणि थोड्या तिरक्या रेघा असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. पट्टा-करवतीच्या रेघा सरळ आणि एकसारख्या अंतरावर असतात. कमान दिसली की एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचा विचार सोडायचा, आणि गोव्यात तर त्याहूनही अलीकडे यायचं, कारण इथे हाताची करवत फार उशिरापर्यंत चालली. म्हणून हाताच्या खुणा दिसल्या तर त्यावरून मात्र वय ठरत नाही. यंत्राची खूण पुरावा असते, हाताची खूण फक्त दार उघडं ठेवते.

मग सांधे. जुन्या कामात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली असते. ती खुंटी बोटाने चाचपा. हाताने तासलेली खुंटी पूर्ण गोल नसते, आणि लाकूड आटल्यावर ती किंचित वर आलेली लागते. कारखान्यात काढलेली गोल खुंटी सपाट आणि एकसारखी असते. खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढून कोपरा बघा. हाताने कापलेल्या डव्हटेलमध्ये (पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेल्या सांध्यात) दात कमी, रुंद आणि एकमेकांपेक्षा थोडे वेगळे, आणि कापण्याआधी सुईने ओढलेली आखणीची रेघ बहुधा तशीच राहिलेली. सगळे दात हुबेहूब एका मापाचे असतील तर यंत्र. खणाच्या तळाला प्लायवूड असेल तर तो खण विसाव्या शतकातला, निदान त्याचा तळ तरी.

लोखंड पुष्कळ बोलतं. साधारण १८५०च्या आधीच्या स्क्रूला टोक नसायचं, तो बोथट असायचा आणि डोक्यावरची खाच मधोमध नसायची. टोकदार, एकसारखे स्क्रू त्यानंतरचे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या आधी नव्हतेच. खिळ्यांत लोहाराने ठोकलेला चौकोनी खिळा जुना, गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. मात्र एक स्क्रू नवा दिसला म्हणून सगळी खुर्ची नवी ठरवू नका. तो काढून बघा. शेजारी जुनं, बुजवलेलं भोक असेल, भोवती गंजाचा काळा डाग असेल, तर आधी तिथे दुसरं काही होतं आणि हा स्क्रू दुरुस्तीचा. भोक एकच, स्वच्छ आणि स्क्रूच्या मापाचं असेल तर तो पहिल्यापासूनचा.

वेताबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण गोव्यातल्या खुर्च्यांत ती सगळ्यात उपयोगी खूण आहे आणि तिकडे कोणी बघत नाही. आपल्या दमट हवेत गादीपेक्षा वेत बरा, म्हणून इथल्या बहुतेक बैठकी वेताच्या. वेत स्वतः काही दशकांत तुटतो आणि पुन्हा विणला जातो, त्यामुळे वेताचं वय खुर्चीचं वय नव्हे. पण वेत ज्या चौकटीत विणतात ती चौकट मूळची असते. हाताने विणायचा असेल तर चौकटीभर भोकांची रांग लागते. जुन्या चौकटीत ही भोकं नेमक्या सारख्या अंतरावर नसतात, काही किंचित तिरपी गेलेली असतात, आणि अनेकदा वेत ओढला गेल्याने त्यांच्या कडा गुळगुळीत झिजून एका बाजूला खोलगट झालेल्या असतात. ती झीज नखाला लागते आणि नवीन सामानात ती आणता येत नाही. याउलट चौकटीला भोकं नाहीत, चारी बाजूंनी एक सलग खाच आहे आणि तीत तयार जाळी दाबून वरून वेताची पट्टी चिकटवलेली आहे, तर ती चौकट यंत्रावर विणलेल्या जाळीच्या जमान्यातली. गोव्याच्या मानाने तो विसाव्या शतकाचा. क्वचित जुन्या खुर्चीची भोकं बुजवून नंतर खाच पाडलेली असते; खालून बघितलं की बुजवलेल्या भोकांचे ठिपके दिसतात.

लाकूडही बघायला हवं. सागवान आणि शिसवी दोन्ही आपल्या भागातली, त्यामुळे नुसत्या जातीवरून काळ कळत नाही, पण खोटं मात्र पकडता येतं. खरी शिसवी उचलतानाच जड लागते, रंगात जांभळट झाक आणि काळ्या रेघा असतात. सागवानाला काळं पॉलिश मारून शिसवी म्हणून विकलेल्या खुर्च्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पायाच्या तळाला, जिथे पॉलिश पोचत नाही, तिथे खरा रंग दिसतो. जुन्या खरादी पायाची जाडी कॅलिपरने दोन दिशांनी मोजली तर किंचित फरक येतो, कारण लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त आटतं आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. सागवान कमी आटतं, त्यामुळे त्यात हा फरक बारीक असतो. पॉलिशसाठी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवा. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मऊ पडून बोळ्याला रंग लागेल, अलीकडचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हलणार नाही.

आता तुमच्या चार वस्तू, फोटोंवरून जेवढं म्हणता येतं तेवढं.

पंज्याच्या खुर्च्या: दुसऱ्या फोटोत बैठकीची कड दिसते आणि तिथे भोकं नाहीत, खाच आहे. पंज्यांची बोटं सपाट आहेत, गोळ्याला धरल्यासारखी दिसत नाहीत. चारही पंजे एकमेकांसारखे आहेत. अठराव्या शतकातल्या चांगल्या कामात नखं गोळ्यात रुतल्यासारखी असतात, बोटांचे सांधे वेगळे दिसतात आणि दोन पंजे कधी तंतोतंत जुळत नाहीत. माझा अंदाज, या खुर्च्या १९२० ते १९५०च्या दरम्यान जुन्या नमुन्यावर घडवलेल्या आहेत. शिसवी खरी असेल तर त्या उत्तम खुर्च्या आहेत आणि जपण्यासारख्या आहेत. फक्त त्यांना अठरावं शतक लावू नका.

आरामखुर्ची, जिला गोव्यात वोल्तेर म्हणतात: पाय पसरून ठेवायला लांब हात, उतरती वेताची पाठ. हा घाटच एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या व्हरांड्यांत रुळलेला आहे, त्यामुळे तीनशे वर्षांचा प्रश्नच येत नाही. तुमची मोठी आते सांगते की पणजोबांनी ती मुंबईहून आणली, आणि मला ते पटण्यासारखं वाटतं. हातांच्या टोकांखाली, जिथे फिरता हात मुख्य हाताला जोडलेला असतो, तिथला खिळा किंवा स्क्रू बघा. शिवाय बैठकीच्या मागच्या पट्टीवर एखाद्या कारखान्याचा छाप मिळतो का तेही.

लिहिण्याची पेटी: काळ्या-पांढऱ्या चांदण्यांचं हे काम साडेलीचं दिसतं. त्यात आबनूस, हाड किंवा हस्तिदंत आणि कथील यांच्या बारीक काड्या एकत्र बांधून चिकटवतात आणि त्या जुडीचे आडवे पातळ काप काढून लाकडावर बसवतात, म्हणून प्रत्येक चांदणी सारखी येते. हे काम सुरत आणि मुंबईच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात भरपूर केलं आणि ते इंग्रजांना फार आवडे. म्हणजे पेटी पोर्तुगीज नाही, पण खऱ्या अर्थाने जुनी असू शकते. पांढरा भाग भिंगाखाली बघा. हाडात बारीक काळे ठिपके आणि आखूड रेघा असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते, पण एवढ्या लहान तुकड्यात ती दिसेलच असं नाही. तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वस्तू कायमची खराब होते. आणि हस्तिदंत असेल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे, घरातली जुनी वस्तू असली तरी. ती बाळगायचेही नियम आहेत. म्हणून वनखात्यात विचारल्याशिवाय ही पेटी कोणाच्याही हाती देऊ नका.

आणि पेटारा. खरेदीदार त्याच्याबद्दल काहीच बोलला नाही असं तुम्ही लिहिलंय. मला मात्र चारांत तोच सगळ्यात जुना असण्याची शक्यता वाटते. पेटाऱ्याचा घाट शतकानुशतकं बदलला नाही, त्यामुळे शैलीवरून त्याचं वय काढताच येत नाही आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. धान्य, भांडी, कागद, दागिने ठेवायला तो प्रत्येक खात्यापित्या घरात होता, मग राज्य कोणाचंही असो. फोटोत पुढची फळी एकाच रुंद लाकडाची दिसते, कोपऱ्यांवर ठोकीव लोखंडी पट्ट्या आहेत आणि खिळ्यांची डोकी एकसारखी नाहीत. त्याची बिजागरी बघा. दोन लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून, टोकं फळीतून आरपार काढून मागे वाकवलेली असतील तर ती जुनी पद्धत. स्क्रूने बसवलेली दोन पानांची बिजागरी असेल तर ती नंतरची, किंवा बदललेली. तळाची फळी आतून झिजून गुळगुळीत आणि बाहेरून खडबडीत, करकरीत करवतीच्या खुणांची असेल, तर मला तो पेटारा स्वतः येऊन बघायला आवडेल.

लाकडाइतकाच महत्त्वाचा पुरावा तुमच्या घरातल्या कागदांत असू शकतो. गोव्यात १८७०पासून पोर्तुगीज नागरी कायदा आहे, आणि माणूस गेल्यावर इस्टेटीची इन्व्हेंतार, म्हणजे कायदेशीर यादी, होण्याची पद्धत त्यातलीच. पणजोबांच्या किंवा खापरपणजोबांच्या वेळची इन्व्हेंतार झाली असेल तर तीत जमिनीबरोबर घरातल्या जंगम वस्तूही कधी कधी नोंदलेल्या असतात, ‘काळ्या लाकडाच्या खुर्च्या’ एवढी तरी ओळ सापडते. वाटणीसाठी तुमच्या वकिलांनी जुने कागद काढलेच असतील, तेवढे एकदा या नजरेने वाचून घ्या. लग्न-मुंजींचे जुने फोटोही बघा. १९३०च्या फोटोत आजोबा त्याच खुर्चीवर बसलेले दिसले तर माझ्या कुठल्याही अंदाजापेक्षा तो पुरावा मोठा.

विकायचं ठरलंच तर चारही वस्तूंचा एकत्र भाव घेऊ नका. एकत्र भावात चांगल्या वस्तूची किंमत साध्या वस्तूंत विरघळते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात बसते, ती परदेशी पाठवायला खाजगी माणसाला परवानगी नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. खरेदीदाराला तो दाखवायला सांगण्यात काही वावगं नाही. आणि निर्णय होईपर्यंत काहीही साफ करू नका. कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून जुनं पॉलिश काढायची पद्धत आता सर्रास चालते. त्यात लाकडाचा वरचा थर, शंभर वर्षांची झीज, आखणीच्या रेघा, सगळं धुऊन जातं, सांध्यांचा सरस विरघळतो, आणि मग त्या वस्तूचं वय कोणालाच सांगता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, पाय फरशीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, वाळवीची मातीची नळी दिसते का बघा. तेवढं पुरे.

नजर तयार करायची असेल तर चांदर, लोटली आणि केपे इथली पाहायला खुली असलेली मोठी घरं बघून या. केप्याचा पालासियो दो देआंव १७८७चा आहे. तिथे नक्षीबरोबर खुर्च्यांचे मागचे पाय बघा. पुढच्या पायांवर मेस्त मेहनत घेतो, मागच्या पायांवर तो आपल्या सवयीने काम करतो, आणि त्या सवयीत त्याचा काळ दिसतो.

आता मला हे फोटो पाठवा: एका खुर्चीचा पूर्ण तळ, तिरप्या उजेडात, पंजा बाजूने, जवळून, आरामखुर्चीच्या फिरत्या हाताचा सांधा खालून, पेटीच्या झाकणाचा कोपरा, जिथे जडावाचा एखादा तुकडा निघालेला असेल तिथे, आणि पेटाऱ्याचं झाकण उघडं ठेवून बिजागरी आतून आणि बाहेरून. शेवटचा फोटो विसरू नका, कारण त्या खरेदीदाराला पेटाऱ्याबद्दल काय उत्तर द्यायचं ते मी त्यावरूनच सांगू शकेन.